मे महिन्यातली चवई

दिल्लीत मे महिना लागला की भल्या सकाळीसुद्धा नळाला ऊन पाणी येतं. गच्चीवरच्या टाक्या रात्रभर निवतच नाहीत. तोंड धुवायला ओंजळ धरावी तर कालचं ऊनच हातात येतं. गार पाणी येईपर्यंत थोडं सोडून द्यावं असं वाटतं, पण माझा हात लगेच नळ बंद करतो. गुडगावच्या या उंच इमारतीत दिवसभर पाणी असतं, तरी पाणी सोडून द्यायची मला अजून भीती वाटते.

परवा सकाळी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. खालच्या मजल्याची ओली भिंत, वर आमची बाल्कनी. सोबत प्रश्न होता की अर्धी दिल्ली टँकरमागे धावतेय आणि इथे कुंड्यांना पाणी कोण घालतंय. ते एसीचं पाणी होतं, ठिबकून ठिबकून भिंत ओली झाली होती. माझ्या नवऱ्याने दात घासता घासता एका बोटाने उत्तर लिहिलं, 'घर में पूछकर बताता हूँ,' आणि चहा झाला का म्हणून मला विचारलं.

माझे कान तापले. मी चहा दिला. त्याच्या वाक्यात वाईट काहीच नव्हतं. पण हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी फार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यानंतर आमच्या घराचा एक अख्खा उन्हाळा मान खाली घालून गेला होता.

संध्याकाळी मुलीशी बोलताना सहज म्हणून गेले, की आजोबा तेव्हा फार ओशाळले होते. तिला शब्द कळला नाही. ती दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी आजीशी बोलण्यापुरतं. हिंदीत सांग म्हणाली. शर्मिंदा म्हणून पाहिलं, पण ते नव्हे. शर्मिंदा माणूस आपल्या हातून घडलेल्या गोष्टीने होतो. ओशाळतो तो दुसऱ्याच्या डोळ्यांत स्वतःला बघून, कधी कधी काहीही न करता. बराच वेळ झटले, मग सोडून दिलं. ती म्हणाली, राहू दे, आजोबांची गोष्टच सांग.

माझे बाबा माळशेज घाटाच्या माथ्याजवळच्या एका लहान गावातले. शिकून केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, दिल्लीला आले आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार मांडला गेला. आई नागपूरची, शहरात वाढलेली. आजूबाजूला बंगाली, तमिळ, पंजाबी, सगळ्या प्रांतांची कुटुंबं. आमचं आडनाव शेळके, पण तो ळ कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून बाबा जन्मभर शेलकेसाहेब राहिले. ऑफिसात ते गावाविषयी फार बोलत नसत. विचारलंच कुणी तर पुण्याजवळचं आहे म्हणत आणि विषय पुण्यावर नेत.

घरात मात्र त्यांच्या बोलण्यात चवई यायची. चवई म्हणजे रानकेळ. आपण खातो त्या केळीची रानातली बहीण, पण स्वभाव अगदी उलटा. घरच्या केळीला काळी, पाणी धरणारी, सपाट जमीन लागते. चवई उभ्या कड्याला, दगडाच्या फटीत उगवते, जिथे माती मूठभर आणि बकरीलाही पाय टेकायला जागा नाही. पावसाळा आला की हां हां म्हणता माणसापेक्षा उंच होते. बुंधा खाली रांजणासारखा फुगतो आणि वर पानांचा डेरेदार तुरा. दिवाळी उलटली की पानं पिवळी पडतात, बुंधा लोळण घेतो, आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर तिचं नामोनिशाण राहत नाही. खाली कंद तेवढा झोपलेला असतो. तिला घरच्या केळीसारखी बुडाशी पिल्लं फुटत नाहीत. कैक वर्षांनी एकदाच फुलते, फळते आणि मरून जाते. फळात गर नावाला, बाकी सगळ्या काळ्या टणक बिया. त्या बियांतून पुढची उगवेल तेव्हा उगवेल.

आषाढात घरातलं धान्य संपत आलं की बाबांची आई या चवईचा कोवळा गाभा चिरून शिजवायची. फूल मिळालं तर त्याचीही भाजी व्हायची. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही आवाज खाली आणून, जणू शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जाईल. रानातलं आणून पोट भरलं, हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. आणि चव मात्र आठवत होती.

त्यांच्या चुलतभावाने एकदा रुमालात बांधून बिया पाठवल्या. वाटाण्यापेक्षा मोठ्या, काळ्या, वेड्यावाकड्या. बाबांनी त्या कोमट पाण्यात भिजवल्या, फरशीवर घासल्या आणि वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. काही झालं नाही. उरलेल्या बियांनी मी सागरगोटे खेळले. आईला तो डबा पुदिन्याला हवा होता, पण बाबा देईनात. एक पावसाळा गेला, दुसराही आला, आणि आम्ही सगळे विसरून गेल्यावर त्या डब्यातून एक हिरवी सुरळी वर आली. एकच. बाबा ऑफिसची बस चुकवून तिच्यापाशी उभे राहिले होते.

तो काळ सगळंच नवीन होण्याचा होता. टीव्हीवर रोज एखादं नवं चॅनल सुरू व्हायचं, रस्त्यावर कालपर्यंत न पाहिलेल्या गाड्या दिसायच्या, आणि दिल्लीच्या कडेला शेतं हटवून सोसायट्या उभ्या राहत होत्या. सरकारी क्वार्टर निवृत्तीला सोडावं लागतं, म्हणून बाबांनी एका सोसायटीत नाव घालून ठेवलं होतं. आमचा फ्लॅट तयार झाला तेव्हा त्या भागाला लोक पप्पनकलां म्हणत. द्वारका हे नाव पाट्यांवर आलं होतं, पण बसवाल्यांच्या तोंडी बसलं नव्हतं. चहूकडे धूळ, अर्धवट उभ्या इमारती, आणि सकाळी ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस. ती गेली की बायका, मुलं आणि वारा तेवढा मागे उरायचा.

थंडीत आम्ही तिथे राहायला गेलो. ट्रकमध्ये पुढे बसताना आईच्या मांडीवर देव होते आणि बाबांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला चवईचा कंद, मोठ्या सुरणासारखा. फ्लॅट तळमजल्यावर होता. मागच्या भिंतीलगत मातीची एक पट्टी होती, तिथे बाबांनी तो लावला. पावसाळ्यात तो असा उफाळून आला, की जाणारे-येणारे थांबून केळी कधी लागणार विचारू लागले. ही खायची केळ नव्हे, असं बाबा प्रत्येकाला समजावत. लोक हसून मान हलवत. वाटून खायला नकोत म्हणून शेलकेसाहेब असं सांगतात, असंच बहुतेकांना वाटलं असावं.

पाणी ही तिथली खरी अडचण होती. बोअरचं पाणी खारं, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. गोडं पाणी टँकरने यायचं, जमिनीखालच्या टाकीत ओतलं जायचं आणि पंपाने वर चढायचं. उन्हाळ्यात टँकर एक दिवस यायचा, दोन दिवस नाही. सोसायटीला कुणीतरी सरळ माणूस हवा होता, म्हणून पाण्याची जबाबदारी बाबांवर आली. पंपघराची किल्ली आमच्या दाराआडच्या खिळ्यावर लटकू लागली. ऑफिसात त्यांना कुणी फार विचारत नसे. इथे लोक त्यांना विचारून पाणी भरू लागले. बाबा ताठ चालू लागले.

त्यांनी नियम केले. पाइप लावून गाडी धुवायची नाही. बागेला गोडं पाणी घालायचं नाही. बाबा स्वतः फिरून बघत, आणि नियम मोडणाऱ्याला चारचौघांत टोकत. तिसऱ्या मजल्यावर भाटियाजी राहत. खाजगी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होते आणि नुकतीच त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. एका रविवारी ते मुलांना घेऊन हौसेने गाडी धूत होते. बाबांनी जाऊन नळ बंद केला आणि मुलांसमोर त्यांना ऐकवलं, की शिकलेला माणूस असं वागला तर बाकीच्यांना काय सांगायचं. भाटियाजींनी हातातला पाइप खाली ठेवला. साबण लागलेली गाडी तशीच कोरड्या फडक्याने पुसली. साबणाचे पट्टे बरेच दिवस तिच्यावर दिसत होते. आई त्या संध्याकाळी बाबांना म्हणाली, की आत बोलावून सांगितलं असतं तरी चाललं असतं. बाबा म्हणाले की नियम तो नियम.

मग तो मे महिना आला. लूने, त्या भाजणाऱ्या वाऱ्याने, बागेतली हिरवळ जाळून टाकली, कुंड्यांतली झाडं काड्या झाली. आणि एका सकाळी आमच्या मागच्या भिंतीशी, तडकलेल्या मातीतून, चवईची हिरवीगार सुरळी वर आली.

आईने ती आधी पाहिली. मी कॉलेजची परीक्षा देऊन घरीच होते, मला तिने हाक मारून दाखवली. दोन दिवसांत सुरळी उलगडून पान झालं, परातीएवढं, तुकतुकीत, जणू आत्ताच पाऊस पडून गेलाय. पाऊस तर अजून महिनाभर लांब होता. आई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली, मग माळ्यावरून जुनं गोणपाट काढून तिने त्यावर टाकलं. बाबांना काही बोलू नकोस, आधीच त्यांना ताप कमी नाहीत, असं मला म्हणाली. बाबा सकाळी निघत ते दिवेलागणीला परतत. मागच्या बाजूला जायला त्यांना वेळच नव्हता.

पण गोणपाट वर वर उचललं जाऊ लागलं, आणि वरच्या मजल्यांवरून ते सगळ्यांना दिसत होतं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या अर्धवट बांधलेल्या हॉलमध्ये सभा झाली. विषय पाण्याचाच. टाकीत पडलेलं पाणी आणि वर चढलेलं पाणी यांचा मेळ बसत नव्हता, कुठेतरी ते कमी होत होतं. बाबा पुढे टेबलापाशी बसले होते. बायका मागे, आई भाटिया आंटींच्या शेजारी, तिच्या शेजारी मी. कुणी कुणी टँकरवाल्यावर संशय घेतला. मग भाटियाजी उठले. आवाज न चढवता, अगदी नम्रपणे बोलले.

"शेलकेसाहब, हमारे बच्चे एक मग पानी से नहा रहे हैं. आपके पीछे केला हरा कैसे है? और हरा है, तो ढककर क्यों रखा है?"

बाबांना काहीच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात चोरी पकडल्याची भीती नव्हती, नवल होतं. चवई पावसाआधी जागी होत नाही हे त्यांच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जागी झाली असेल तर तिला पाणी मिळालं, दुसरं कारणच नाही. त्यांनी स्वतः तर घातलेलं नव्हतं. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. बाबांनी खिशातली किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले,

"मैंने नहीं डाला. घर में पूछकर बताता हूँ."

हॉलमधल्या माना एकदम मागे वळल्या. भाटिया आंटींनी आपला पदर उगाच आवरून घेतला, आईपासून जरा दूर. आई उठली. कुणाच्या पायाला पाय लागणार नाही अशी सांभाळून रांगेतून बाहेर पडली आणि घरी गेली. मी तिच्या मागे गेले. त्या दारापर्यंतचं अंतर मी कसं चालले ते आठवत नाही. फक्त पाठीवर उन्हासारखं काहीतरी लागत होतं एवढं आठवतं.

बाबा आले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. ते दारात उभे राहिले. तीच म्हणाली, सगळ्यांना सांगून आलात ना, आता विचारा. बाबांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मग झाकलं कशाला, असं त्यांनी विचारलं. आईने लाटणं थांबवलं नाही.

"लोक तुम्हाला बोलतील म्हणून."

बाबा तिथेच पिठाच्या डब्यावर बसले. त्यांचा तिच्यावर विश्वास बसला, यात शंका नाही. पण पान कुठून आलं हे कळेना, आणि त्या न कळण्यात जरा जागा उरली. ते मागे जाऊन पुन्हा पुन्हा पान बघून येत आणि आईशी नजर टाळत. ती उरलेली जागा आईला दिसत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे, कारण झालं असं काहीच नाही. भांडण नाही, कुणी दारावर आलं नाही. टँकरपाशी बायका आईला वाट करून देत आणि आप पहले भर लीजिए म्हणत. शिवी परवडली असती. भाटिया आंटी रोज दुपारी आमच्याकडे विणकाम घेऊन यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. आईने गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं घ्यायला सुरुवात केली. अंघोळ, केस धुणं, सगळं बोअरच्या पाण्याने. तिचे लांब केस काथ्यासारखे ताठ झाले, मानेवर खाज उठली. मी म्हटलं, कशाला करतेस? ती म्हणाली, मला चालतं. बाबांशी ती मीठ-मिरचीपुरतं बोलायची, नेहमीच्याच सुरात. तिने अबोला धरला असता तर बाबांना काही करता तरी आलं असतं. ते चार्टर्ड बसची वाट बघताना आता कोपऱ्यात, एकटे उभे राहत. पूर्वीचा ताठा गेला होता. संध्याकाळी सर्वांत शेवटी उतरत, म्हणजे गेटपर्यंत कुणाबरोबर चालावं लागू नये.

मला आता वाटतं, खरं केलेल्या गोष्टीची लाज माणसाला पेलवते. माफी मागता येते, भरपाई करता येते. न केलेल्या गोष्टीची लाज कुठे ठेवायची? ती घरभर पडून राहते. जेवताना पायाशी येते.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी बाबा पहार आणि फावडं घेऊन मागे गेले. चवई उपटून टाकायची, म्हणजे बोलायला विषय उरणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी खिडकीतून बघत होते. एवढी वर्षं जपलेल्या झाडावर त्यांनी पहार उचलली तेव्हा मला वाटलं थांबवावं, पण त्यांच्या खांद्यांकडे बघून धीर झाला नाही. वरची माती दगडासारखी होती, पहार नुसती वाजत होती. वीतभर खाली गेल्यावर आवाज बदलला. माती काळी झाली, मऊ झाली, मग चिखल झाला. कंदाला पहारीचा घाव बसून तो दुभंगला होता. त्याची पांढरी मुळं चारी बाजूंना पसरलेली नव्हती. सगळी एकाच दिशेला, भिंतीकडे वळलेली होती.

तेवढ्यात पंप सुरू झाला. खड्ड्याच्या कडेतून, जमिनीतल्या पाइपच्या सांध्यातून, बुडबुडे आले आणि पाणी भरू लागलं. स्वच्छ, गोडं पाणी. किती महिने ते असं गळत होतं कोण जाणे. पंप चालला की गळायचं, बंद झाला की थांबायचं. वर कुणाला ओलही दिसली नव्हती. चवईला तेवढं पुरलं होतं. तिला वाटलं, पाऊस आला.

बाबा खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. मग त्यांनी आईला हाक मारली, अगं, जरा बाहेर ये. आई ओले हात पुसत आली. तिने पाइप पाहिला, पाणी पाहिलं, फुटलेला कंद पाहिला. आता ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं, बाबांनाही वाटलं असावं. ती आत गेली आणि बादली आणि तांब्या घेऊन आली. खड्ड्याशी बसली आणि पाणी भरू लागली. वर वर निवळलेलं, एक एक तांब्या, वाया जाऊ नये म्हणून.

खिडक्या उघडल्या, लोक जमले. पंपघराची किल्ली आता भाटियाजींकडे होती, ते धावत जाऊन पंप बंद करून आले. आई भरतच होती. जरा वेळाने भाटिया आंटी घरातून स्वतःची बादली घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. दोघी एकाच खड्ड्यातलं पाणी भरत होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

पाइप दुरुस्त झाला. भाटियाजी संध्याकाळी आमच्याकडे आले, बाबांसमोर हात जोडले आणि म्हणाले की त्यांच्याकडून मोठी चूक झाली. बाबा म्हणाले की गाडीच्या वेळी मुलांसमोर बोलायला नको होतं. किल्ली परत घ्या म्हणून भाटियाजी आग्रह करत होते, बाबांनी घेतली नाही. मग ती त्यांच्याकडेच राहिली. आंटींनी वाटीभर कढी पाठवली. आईने वाटी घासून, चिवडा भरून परत केली. विणकामही पुन्हा सुरू झालं. आंटी गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा आता माझ्याकडे राहणारी आई गुडगावहून हट्टाने तिकडे गेली आणि दिवसभर बसून आली.

कंद वाचला नाही. भिंतीशी उन्हात पडून तो काळा पडला आणि सडला. बाबांनी पुन्हा बिया मागवल्या नाहीत. मातीच्या त्या पट्टीवर सोसायटीने पुढे फरशी घातली आणि स्कूटर उभ्या राहू लागल्या.

बाहेरचं सगळं असं मिटलं. घरातलं नाही. भाटियाजींपुढे चूक कबूल करणाऱ्या बाबांना आईपुढे ते एक वाक्य काढता येईना. ते कनॉट प्लेसहून तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणत, जो पूर्वी कधी आणला नव्हता. टँकर आला की शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः बादल्या वाहत. आई गजरा घाली, बादल्या जागेवर ठेवी. त्या सभेचं नाव दोघांपैकी कुणी घेतलं नाही. वर्षं गेली. माझं लग्न झालं, बाबा निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात त्यांचा तो चुलतभाऊ फार आजारी असल्याचं कळलं, म्हणून आम्ही तिघं गावी निघालो. एरवी गावाला जाणं व्हायचं ते माझ्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात. त्यामुळे आईने माळशेजचे कडे नेहमी काळे, कोरडे, भाजलेलेच पाहिले होते. कल्याणहून केलेली जीप घाट चढू लागली आणि ढग खाली उतरले. एका वळणावर गाड्या थांबल्या होत्या, लोक फोटो काढत होते. आम्हीही उतरलो.

समोरच्या कड्यावर खालपासून वरपर्यंत चवईच चवई होती. उभ्या भिंतीला, पाय ठेवायलाही जागा नाही अशा फटींतून, कुणी न लावलेली, कुणी न जपलेली. पाण्याचे ओघळ त्यांच्या मधून खाली येत होते आणि पानं वाऱ्याने एकदम एका बाजूला कलत होती. आई छत्री धरायची विसरली. एवढ्या, म्हणाली.

बाबा तिच्या बाजूला उभे होते. मी दोन पावलं मागे होते, त्यांना मी ऐकतेय हे माहीत होतं की नाही कोण जाणे. ते म्हणाले,

"त्या दिवशी सभेत मी घरी विचारतो म्हणालो. पान कुठून आलं ते मला कळत नव्हतं. खोटं कसं बोलणार?"

आईने कड्यावरची नजर काढली नाही.

"खोटं बोला असं मी कुठे म्हणत होते? मी पाणी घातलं नाही एवढं तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं का?"

एक मोटार भोंगा वाजवत वळणावरून गेली.

"माहीत होतं."

"मग?"

"सगळे बघत होते," बाबा म्हणाले.

आईने फक्त मान हलवली. फोटो काढणाऱ्या एका मुलाने बाबांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, तसे ते सरकले आणि पावसात तसेच उभे राहिले, चष्म्यावर पाणी, हात दोन्ही बाजूंना. आई जीपकडे परतली. आत बसून तिने पदराने केस टिपले. मग सीटवरून पलीकडे वाकून बाबांच्या बाजूचं दार आतून उघडलं, आणि भिजाल म्हणाली.